म्हातारीवरची खूण

११ मार्च

खोली अधिकात लिहायची की उण्यात — आज पुन्हा तेच! आठ वर्षं झाली समिती बसून, आणि पाण्याखाली जाताना आकडा वाढतो की घटतो यावर अजून एकमत नाही. फ्रेंच म्हणतात, तळ ही जमीनच, उंचीसारखी मोजा आणि पुढे उण्याचं चिन्ह लावा. डच म्हणतात, बोटीवरचा माणूस खोली विचारतो, उंची नाही. मी नॉर्वेतर्फे म्हटलं, काहीही ठरवा पण सगळे एकच ठरवा. त्यावर वीब्के पडद्यावरून म्हणाली, "सगळे एकच ठरवणार असते तर तुम्हाला आणि मला काम उरलं नसतं." वीब्के हार्मसेन, समितीची सचिव, जर्मनीत रोस्टोकला बसते. तिने विनोद केला म्हणजे ती फारच दमलेली आहे.

घरी आले तर सुका कॉड मासा भिजत घालायचा राहिलेला. उद्या योस्टाइन जेवायला येणार. मिळेल ते खाईल, भाऊच आहे.

१४ मार्च

ओडवारला — आमच्या संस्थेचा संचालक — वार्षिक अहवालासाठी चार ओळी हव्यात. "माझ्या बायकोला कळेल असं लिही." त्याची बायको सर्जन आहे. तिला सगळं कळतं. न कळणारा तो.

लिहिलं: समुद्राचा तळ मोजणारं प्रत्येक यंत्र आपापल्या बोलीत फाइल लिहितं. एका कंपनीची फाइल दुसरीच्या यंत्राला वाचता येत नाही. कंपनी बुडाली की तिच्या फायलीही बुडाल्या — मोजलेला तळ पुन्हा न मोजलेला झाला. म्हणून आम्ही 'बुन' तयार करतोय. बुन म्हणजे तळ. कुणाच्याही मालकीची नसलेली, कुणालाही उघडता येणारी एक सामाईक फाइल.

ओडवारने वाचून परत पाठवलं. "छान. भावना जरा कमी कर."

"यात भावना कुठे आहे?"

"'बुडाल्या' मध्ये."

त्याला म्हटलं, बुडाल्याच आहेत त्या, मी काय करू.

३ एप्रिल

आजची बैठक खुणेवर होती. डोकं अजून गरम आहे म्हणून लगेच लिहायला बसले.

यंत्र खाली आवाज सोडतं, तो तळाला आपटून परत येतो, त्यावरून खोली. असे लाखो आकडे. मग तळाच्या चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीतल्या आकड्यांची सरासरी काढायची. सरासरीत सुळका मरतो. आजूबाजूला तीस मीटर पाणी, मध्येच एक टोकदार खडक चार मीटरवर — सरासरी म्हणणार, काही नाही, थोडा उंचवटा आहे. वरून सफाई करणारा प्रोग्राम म्हणणार, हा एकटा आकडा वेडा आहे, मासा असेल, काढून टाका. म्हणून मोजणारा माणूस त्या आकड्यावर हाताने खूण लावतो: हा खरा आहे, याला हात लावू नका. बुनमध्ये त्या खुणेसाठी एक खाना — रकाना म्हणा — आहे. तो सक्तीचा असायला हवा, कुणाच्याही यंत्राने तो वाचलाच पाहिजे. कंपन्यांना तो नको. हाताची खूण म्हणजे यंत्र चुकतं याची कबुली, आणि चुकणारं यंत्र कोण विकत घेणार!

तासभर वाद. या किनाऱ्यावरच्या निम्म्या बोटींना यंत्रं विकणाऱ्या कंपनीतर्फे गौते मेलिंग हजर. माझा पूर्वाश्रमीचा नवरा. तासभरात एक शब्द नाही! नुसता बसला, पेन फिरवत.

त्याला खूण म्हणजे काय हे मी सांगायचं? आमच्या दोघांच्या पहिल्या मोसमात, संस्थेच्या छोट्या बोटीवर, शेरिंगा नावाच्या खडकावर — शेरिंगा म्हणजे म्हातारी — यंत्र म्हणालं मासा. गौते म्हणाला, मासा असा एका जागी बसत नाही. बोटीच्या कडेवर पोटावर आडवा झाला आणि दोरीला शिसं बांधून हाताने खाली सोडलं. मी त्याचे पाय धरून बसलेले. दोन दुपारी गेल्या. जेवणाच्या टेबलाएवढं टोक, तीस मीटर पाण्यात. आणि मग तो ओरडला, "लागलं!" ती खूण त्याने लावली. संगणकावर बटण दाबताना माझं बोट त्याच्या बोटाखाली होतं. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं.

त्यानंतर वीस वर्षांनी तो कंपनीत गेला. वर्षभरात घरातूनही गेला. आता पेन फिरवतो.

२५ एप्रिल

समितीच्या नियमांचं पान छापून टेबलासमोर लावलं. ओडवार म्हणाला, लोक तिथे घरच्यांचे फोटो लावतात.

नियम साधे. मसुदा सगळ्यांना जातो, एक महिन्याची मुदत. एका जरी सदस्याने लेखी हरकत घेतली तरी मसुदा थांबतो. कुणीच काही लिहिलं नाही तर सगळ्यांचा होकार. गप्प बसणं म्हणजे हो.

आणि त्याखालचा नियम माझा! कंपन्या दर बैठकीला माणूस बदलायच्या. जुना माणूस हॉटेलच्या खोलीत मोजे विसरावेत तशी आपली हरकत मागे ठेवून जायचा. विचारायचं कुणाला? तो तर कुठेतरी पंप विकतोय. कामं वर्षं-वर्षं अडायची. शेवटी मी भांडून लिहून घेतलं — मुदत संपते त्या दिवशी जो सदस्य नाही, त्याची हरकत नाही. माणूस गेला की हरकत गेली. वीब्के म्हणाली होती, "स्वच्छ नियम." तिच्याकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

१७ मे

आईचा पारंपरिक पोशाख यंदा कमरेत बसेना. दोन हूक उघडे ठेवून वरून शाल घेतली. राष्ट्रीय दिनाची मिरवणूक, बँड, पोरांच्या हातात झेंडे आणि आइस्क्रीम. योस्टाइनने चार सॉसेज घेतले, देशासाठी म्हणे.

बंदराजवळ गौते समोर आला. हडकला आहे. कोट जुनाच, मी घेतलेला.

"टोरहिल्ड, दोन मिनिटं देशील? कंपनीत खुणेवरून..."

"आज सतरा मे आहे," मी म्हटलं. आजच्या दिवशी कामाचं कोण बोलतं? त्यालाही ठाऊक आहे.

"म्हणूनच इथे आलो. ऑफिसात तू फोन घेत नाहीस."

"मग त्यातून काय समजायचं ते समज."

योस्टाइन मधे पडला, "अगं, ऐकून तर घे." त्याला सांगितलं, तुला त्याच्याबरोबर मासे मारायला जायचं तर खुशाल जा, माझ्यापुढे त्याचं नाव काढायचं नाही. चौथं सॉसेज अर्धवट टाकलं त्याने. थोडं वाईट वाटलं. सॉसेजबद्दल नाही.

२० जून

झालं! खूण सक्तीची. उण्याचाही निकाल लागला — खोली अधिकातच. कुणीही विरोध केला नाही, कंपन्यांनीसुद्धा. शेवटचा मसुदा ऑगस्टमध्ये फिरवायचा असं ठरलं. आठ वर्षांचं काम. वीब्केने पडद्यासमोर बोटांच्या पेरांनी टेबल वाजवलं, त्यांच्याकडे टाळ्या अशाच वाजवतात.

घरी येऊन एकटीनेच वाफल केले. तपकिरी चीजचा जाड काप घातला वर. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. कुणाला, ते लिहीत नाही.

२८ जून

उद्या डोंगरातल्या केबिनवर. ऑफिस रिकामं झालं. सुरक्षेचा माणूसही सुट्टीच्या दिवसांची फुली मारत बसलाय. जुलैत या देशात कुणी मेलं तरी ऑगस्टपर्यंत थांबावं लागतं.

८ जुलै, केबिन

पाऊस नाही. विहिरीला पाणी भरपूर. फोन पिठाच्या डब्यात. तो आईचा नियम — केबिनवर आलं की पूर्वी घड्याळं, आणि पुढे फोन, पिठाच्या डब्यात. आई गेली, नियम आहे. तसंही फोनची रेंज मिळायला तासभर चढावं लागतं.

वरच्या दलदलीत क्लाउडबेरी लागायला आल्या आहेत. जागा कुणाला सांगणार नाही. योस्टाइनलाही नाही.

१९ जुलै, केबिन

काही घडलं नाही. फार बरं वाटलं.

४ ऑगस्ट

दरीत उतरले आणि फोन शुद्धीवर आला. ओडवारचे दोन, दात साफ करायची आठवण एक, आणि गौतेचे तीन फोन! जुलैच्या शेवटच्या आठवड्यातले. एक आवाजी निरोपही आहे. आईच्या कपाटात ठेवलेल्या त्याच्या सामानाबद्दल असेल, ते त्याने अजून नेलेलं नाही. नंतर ऐकेन. बेरीची बादली मांडीवर घेऊन बसलेय, सांडेल.

५ ऑगस्ट

ऑफिसात जाऊन साठलेली पत्रं उघडली. लिहिता येईल तसं लिहिते.

१ जुलैचं पत्र. वीब्केच्या कार्यालयातून, सगळ्या सदस्यांना. कंपनीने ३० जूनला सुधारित मसुदा दाखल केला आणि तातडीने फिरवायची मागणी केली. नियमात बसतं. एकच बदल: खुणेचा खाना सक्तीचा नाही, ऐच्छिक. मुदत ३१ जुलै. आणि १ ऑगस्टचं दुसरं पत्र: वैध हरकत एकही नाही, मसुदा मंजूर, सर्वांचे अभिनंदन. बाकीच्यांनी जूनमध्ये ठरलेलाच मसुदा समजून सोडून दिला असणार.

ऐच्छिक म्हणजे मेला तो खाना. ऐच्छिक खाना वाचण्याचे कष्ट कुठल्याही कंपनीचा प्रोग्राम घेत नाही. आम्ही लावायची ती खूण लावू, आणि बोटीवरच्या पडद्यावर ती पोचणारच नाही.

जुलै! जर्मनांना आमचा जुलै कळत नाही, फ्रेंच ऑगस्टमध्ये गायब होतात. जुलैत आम्ही कुणीही पत्र उघडत नाही हे फक्त आमच्यातल्याच माणसाला माहीत. टोरहिल्ड कुठल्या केबिनवर जाते, तिचा फोन कुठे असतो, हे तर एकाच माणसाला माहीत. त्यानेही वीस उन्हाळे त्याच डब्यात फोन ठेवलाय!

माझ्या गप्प बसण्याचा हो झाला. इतिवृत्तात माझं नाव होकार देणाऱ्यांत आहे.

आता कळलं फोन कशाला होते. तो आवाजी निरोप पुसून टाकला, न ऐकता. जिंकल्यावर त्याचा आवाज कसा होतो ते मला पाठ आहे. पत्त्यात जिंकला तरी तसाच व्हायचा.

९ ऑगस्ट

वीब्केला फोन. ती म्हणाली, "मुदत पाळली गेली आहे. मला थांबवता येत नव्हतं." आवाज नेहमीपेक्षा कोरडा. मी विचारलं, तुम्हाला एकदाही वाटलं नाही, नॉर्वेची बाई अजून बोलली कशी नाही? ती म्हणाली, "वाटलं." मग म्हणाली, "पण मी सचिव आहे. कुणाला हरकत घ्या म्हणून मी सुचवू शकत नाही." खरं आहे. तिला हे शहाणपण शिकवणारी मीच.

११ ऑगस्ट

योस्टाइनकडे जेवण. बेरी आणि साय. तो जिवंत सॅमन मासे वाहून नेणाऱ्या बोटीचा कप्तान आहे, चार आठवडे पाण्यावर, चार आठवडे घरी. घरी असला की त्याचे हात शिवशिवतात. म्हणाला, बोटीच्या जनरेटरचं काम निघालं होतं, गौतेने येऊन करून दिलं, चांगले दोन दिवस लागले.

"कंपनीच्या साहेबाला वेळ बरा मिळतो."

"साहेब?" योस्टाइन माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुला कुणी सांगितलं नाही—"

"योस्टाइन. काय ठरलंय आपलं?"

"अगं पण—"

मी ताट उचलून उठले. दोघंही मग फक्त बेरींबद्दल बोललो. यंदा जरा आंबट आहेत.

६ सप्टेंबर

ऑफिसात केक. वर बदामी मार्झिपानच्या अक्षरांत BUNN. ओडवारने भाषण केलं — आठ वर्षांची चिकाटी, जगाला खुली भेट, आपली टोरहिल्ड. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पहिला N मिळाला. खाल्ला. कॉफीबरोबर ढकलला.

समितीत कंपनीतर्फे आता नवा माणूस आलाय, कुणी रोअर म्हणून, दात फार पांढरे. गौतेला बढती मिळाली असणार. मिळायलाच हवी, एवढं काम करून दिल्यावर.

२ ऑक्टोबर

बुनमधून तळाचा पहिला पट्टा तयार झाला. आमच्याच दारातला समुद्र. आमच्या खुणा सगळ्या फाइलमध्ये आहेत, मी एकेक तपासून लावल्या. मग तीच फाइल कंपनीच्या नव्या प्रोग्राममध्ये उघडली, बोटींना देतात त्या.

म्हातारी नाही.

तिच्या जागी निळा रंग. गुळगुळीत. आणि दिसायला इतकं देखणं, की कुणालाही भरवसा वाटावा.

योस्टाइनला फोन केला. "म्हातारी गेली."

"म्हातारी कुठे जाते?" तो हसला. "तिथेच बसली आहे ती. गेली असेल तर तुमच्या फायलीतून."

"पडद्याकडे बघून चालवू नकोस रे."

"मला शिकवतेस? मला तिच्यावरून लाट कशी फुटते ते दिसतं." मग जरा थांबून, "पण मी घरी असतो तेव्हा बदली माणूस चालवतो, त्याला सांगून ठेवतो."

३ ऑक्टोबर

ओडवारकडे गेले. म्हणाला, "पण खाना आहे ना? ऐच्छिक का होईना." मी म्हटलं, घराला दार आहे पण भिंतीत चिणलेलं आहे, असं समज. म्हणाला, "अधिकृत नकाशावर म्हातारी आहे की नाही?" आहे, मीच ठेवली. "मग आपली जबाबदारी संपली."

अधिकृत नकाशा कोण उघडतं! सगळे रंगीत पडद्याकडे बघतात. तरी नाविकांसाठी सूचना काढली, माझ्या सहीने. ती वाचणारे लोक आधीच सावध असतात.

कंपनीलाही लिहिलं. रोअरचं उत्तर आलं: आमचं उत्पादन फॉरमॅटच्या सर्व सक्तीच्या अटी पूर्ण करतं. चूक काढायला जागा नाही. फॉरमॅट माझाच.

१८ ऑक्टोबर

थंडी. कुणाशी बोलावंसं वाटत नाही. दुकानात गौते लांबून दिसला, अंगावर ग्रीसचा डाग पडलेला कामाचा डगला. साहेब लोकांची फावल्या वेळची हौस! मी पिठाच्या रांगेमागून दुसऱ्या दाराने बाहेर पडले. पाव घ्यायचा राहिला.

१४ नोव्हेंबर

म्हातारीवर बोट चढली.

योस्टाइनची बोट, 'वोर्सूल'. तो घरी होता, बदली कप्तान चालवत होता, डेन्मार्कचा, नवीन. योस्टाइनने सांगून ठेवलं होतं ते आधीच्या बदली माणसाला. तो मधल्या काळात दुसरीकडे लागला. डेन पडद्याकडे बघून सरळ आला, निळ्यावरून. दिवसाउजेडी! समुद्र इतका शांत की लाट फुटलीच नाही.

कुणी मेलं नाही. स्वयंपाकी इंगेब्रिग्टच्या खुब्याचं हाड मोडलं, उकळतं भांडं अंगावर आलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचा होता. आता नीट चालेल की नाही सांगता येत नाही म्हणतात.

योस्टाइनने फोन करून सांगितलं, "चढली गं म्हातारीवर." आणि मला — इथे लिहायचं नाही तर कुठे — एक क्षण बरं वाटलं. बघा, असं वाटलं. सांगत होते ना, असं वाटलं. मग त्याने इंगेब्रिग्टचं सांगितलं आणि मी विचारलं, कुठल्या इस्पितळात?

१६ नोव्हेंबर

इंगेब्रिग्टला भेटून आले. नळ्या लावल्या आहेत. त्याने मला ओळखलं. म्हणाला, "तुम्ही नकाशेवाल्या ना? तो खडक तुमच्याकडे नव्हता का?"

होता म्हटलं. मग काय सांगू त्याला? खाना ऐच्छिक होता म्हणून?

खाटेशेजारी मत्स्यसूपाचा थर्मास होता. कुणी आणला विचारलं. "गौतेने. रोज आणतो." मला राग आला. सूप करून फिटणार आहे का हे?

२० नोव्हेंबर

समितीची तातडीची बैठक, रोस्टोकला, प्रत्यक्ष. मीच मागितली. खाना सक्तीचा करा, हा माझा प्रस्ताव. भाषण लिहायला घेतलंय. या वेळी भावना कमी करणार नाही.

२७ नोव्हेंबर

योस्टाइन घरी आला, टोपी हातात. म्हणाला, "रोस्टोकला जाण्याआधी एकदा गौतेशी बोल. मी हात जोडतो पाहिजे तर."

"तुझी बोट त्याच्यामुळे दगडावर चढली."

"त्याच्यामुळे नाही."

"मग कुणामुळे?"

योस्टाइन टोपीची कड चाचपत राहिला. तो तसाच आहे, लहानपणापासून. तोंडातून शब्द काढायचा तर गळ टाकून बसावं लागतं. शेवटी म्हणाला, "त्याने मला शब्द द्यायला लावलाय. म्हणाला, तिला कळायचं असेल तर ती मला विचारेल." आणि निघून गेला. दोघांचं काय शिजलंय कुणास ठाऊक. भावानेही त्याची बाजू घ्यावी!

४ डिसेंबर, रोस्टोक

बोलले. कागद बाजूला ठेवून बोलले.

म्हातारीचं सांगितलं, शिशाच्या दोरीचं सांगितलं, इंगेब्रिग्टच्या खुब्याचं सांगितलं. मग म्हटलं, ज्या माणसाने ही खूण स्वतःच्या हाताने लावली त्यानेच ती जुलैत चोरासारखी पुसली, आणि त्याचं नाव मी घेणार आहे. गौते मेलिंग. एका नोकरीसाठी त्याने खडक विकला.

रोअर पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसला. फ्रेंच बाईने मान डोलावली. वीब्के लिहीत होती, ती थांबली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिथे काही नव्हतं, भिंत होती.

प्रस्ताव मंजूर. सक्तीचा! सगळ्यांनी पेरांनी टेबल वाजवलं. वीब्केने उशिरा वाजवलं.

नंतर एकटीच बंदरावर गेले. पावात घातलेला हेरिंग मासा घेतला, कांदा भरपूर. वारा इतका की डोळ्यांतून पाणी. चव चांगली होती. चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

५ डिसेंबर, रोस्टोक स्टेशन

वीब्के स्टेशनवर आली. निरोप द्यायला ती कधी येत नाही. म्हणाली, "तुमचं कालचं भाषण इतिवृत्तात घेतलं तर मला खाली दुरुस्ती लिहावी लागेल. म्हणून आधी विचारायला आले." मग उभ्या उभ्या सांगितलं. जुलैत एक हरकत आली होती. एकच. मेलिंगची, स्वतःच्या कंपनीविरुद्ध. मुदत संपायच्या दोन दिवस आधी कंपनीने त्यांना समितीतून काढलं, त्याच दिवशी नोकरीतूनही.

"मग हरकत?"

"तुमचाच नियम, टोरहिल्ड. माणूस गेला की हरकत गेली. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. काल कळलं की नाही." तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "ते मला फोनवर म्हणाले होते, माझी गेली तरी चालेल, टोरहिल्डची येईलच, मी तिला सांगतोय. मी एकतीस तारखेला कार्यालय बंद होईपर्यंत थांबले होते."

तेव्हा माझा फोन पिठाच्या डब्यात होता.